अद्भुत बालनाट्य (मुंबई)

राक्षस, चेटकीण, शापित राजकन्या अशा पात्रांभोवती रचलेले आणि मुलांसाठी तिकीट लावून केलेले मराठी नाटक. मे महिन्याच्या सुटीतले त्याचे प्रयोग सर्वपरिचित आहेत.

आरंभाविषयी एकमत नाही. काहींच्या मते ही परंपरा आचार्य अत्रे यांच्या शालेय नाटकांपर्यंत मागे जाते. परंतु ती मुलांनी स्नेहसंमेलनात करावयाची नाटके होती. मुलांनी प्रेक्षक म्हणून पाहावयाची नव्हेत. दुसरे मत सुधा करमरकर यांच्या बाजूचे आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या पाठबळावर त्यांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि साधारणतः १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. रत्नाकर व प्रतिभा मतकरी यांनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. तिलाच आद्यत्व देणारे तिसरे मतही आढळते. गोम अशी, की ‘मधुमंजिरी’चे लेखकही रत्नाकर मतकरीच. म्हणजे प्रश्न लेखकाचा नाही, संस्थेचा आहे. गिरगावातील साहित्य संघाच्या आधारे उभ्या राहिलेल्या प्रयोगापासून गणना करणे अधिक सयुक्तिक दिसते.

मतकरी (१९३८–२०२०) यांनी बँक ऑफ इंडियातील नोकरी सांभाळत लेखन केले. १९७८ मध्ये ती सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. नेपथ्यही ते स्वतः करीत. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली. लुगडे नेसलेला पुरुष, घोगरा आवाज आणि फुशारकी यांमुळे मुले भ्यायची कमी, हसायची जास्त. भीतीला हसू जोडण्याची ही हातोटी हेच या नाट्यप्रकाराचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. प्रौढांसाठीच्या गूढकथांत मतकरींनी हसू काढून घेतले व भीती तेवढी ठेवली. त्या कथांवर ‘गहिरे पाणी’ ही दूरचित्रवाणी मालिका झाली. पटकथा व दिग्दर्शन या दोन्ही बाजू त्यांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ या चित्रपटात सांभाळल्या. साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्यात मात्र राक्षस नाही, मुंबईतला पैसेवाला मध्यमवर्ग आहे.

विजय तेंडुलकर व सई परांजपे यांनीही मुलांसाठी नाटके लिहिली. दोघांचीही पुढे पटकथाकार म्हणून ख्याती झाली. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा रंगमंचावर आले. या वेळी चेटकीण वैभव मांगले यांनी केली.