डिझाइन रजिस्टर केलं म्हणजे पेटंट मिळालं, असं नाही

"आमच्या मशीनचं डिझाइन पेटंट आहे" हे वाक्य मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी ते म्हणालं की मी आधी सर्टिफिकेट दाखवा म्हणतो, आणि दहातल्या बहुतेक वेळा समोर येतं ते डिझाइनचं रजिस्ट्रेशन, पेटंट नव्हेच. भारतीय कायद्यात "डिझाइन पेटंट" नावाची गोष्टच नाही. पेटंटचा कायदा 1970 चा, डिझाइनचा 2000 चा, दोन वेगळे कायदे, वेगळी रजिस्टरं, वेगळे हक्क. आपल्या बडोद्यातल्या माणसाचा पेटंटचा अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसच्या हद्दीत येतो आणि डिझाइनचं काम कोलकात्याहून चालतं, इतकं ते वेगळं आहे. तो शब्द आला अमेरिकेतून. तिकडे दोन्हींना पेटंटच म्हणतात, एक युटिलिटी पेटंट आणि एक डिझाइन पेटंट, मग इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही तोच शब्द रूढ झाला आणि त्याच्याबरोबर सगळा गोंधळही.

पेटंट म्हणजे काय ते ढोबळमानाने सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यावर फार थांबत नाही. नवी वस्तू किंवा नवी पद्धत, त्यात त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही असं काहीतरी, आणि ती कारखान्यात बनवता-वापरता यायला हवी. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. डिझाइनची मुदत 10 वर्षं, वर एकदा 5 वाढवून मिळतात. सरकारी फी एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जासाठी पेटंटची 1,600 रुपये आणि तपासणीची 4,000, डिझाइनची 1,000. डिझाइनचा कागद लवकर हातात येतो, पेटंटला वर्षं जातात. आणि हो, ब्रँडच्या नावाचं "पेटंट" नसतं, तो ट्रेडमार्क, तो विषय इथे नाहीच.

फी, मुदत, ऑफिस हे फरक कुणीही दहा मिनिटांत शोधून काढेल. लोक अडकतात ते दुसरीकडेच, आणि ते समजावून सांगायला मला आमच्या मामांची खवणी लागते.

आमचे एक लांबचे मामा, दांडिया बाजारात राहतात, हातात कला आहे, आयुष्य लेथवर गेलेलं. त्यांनी नारळ खवायचं एक साधन बनवलं. हँडल फिरवायची खवणी सगळ्यांकडे असते, पण तिच्यात नारळाची वाटी हाताने दाबून धरावी लागते आणि शेवटी शेवटी जोर जास्त झाला की करवंटीजवळची ती तपकिरी सालही खवली जाते, मग सोलकढीचा रंग जातो, ओल्या नारळाच्या करंजीचं सारण काळपट दिसतं. मामांनी काय केलं, चिमट्यासारखे दोन हात बसवले, एकाच्या टोकाला आतून खवणारं पातं आणि दुसऱ्याच्या टोकाला करवंटीच्या बाहेरून फिरणारा छोटा रोलर. दोघांमधलं अंतर एका स्क्रूने ठरवायचं, चिमटा स्प्रिंगने दाबलेला. वाटी कितीही वेडीवाकडी असू दे, रोलर बाहेरून तिच्या आकारामागे जातो आणि पातं त्याच्यामागे, त्यामुळे ठरवलेल्या जाडीच्या पलीकडे पातं जाऊच शकत नाही. पांढराशुभ्र चव. मी ते पहिल्यांदा चालताना बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, इतकी साधी आणि इतकी नेमकी कल्पना.

वर त्यांनी छान लाल गोल बॉडी केली, हंसाच्या मानेसारखं हँडल. एका सल्लागाराने सांगितलं तीन महिन्यांत पेटंट करून देतो, पैसे घेतले आणि डिझाइन रजिस्टर करून दिलं. मामांनी सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. दोन वर्षं माल विकला, मांडवीत, रावपुऱ्यात दुकानांत ठेवला. मग बाजारात दुसऱ्याची खवणी आली, स्टीलचा चौकोनी स्टँड, सरळ हँडल, आणि आत तोच चिमटा, तोच रोलर, तोच स्क्रू. मामा माझ्याकडे फ्रेमसकट आले. "अरे, हे माझंच आहे की, बघ तू!"

त्यांचंच होतं, पण त्यांच्या कागदात ते नव्हतं.

डिझाइन कायद्याच्या कलम 2 मध्ये डिझाइनची व्याख्या आहे, ती प्रत्येक कारागिराने एकदा तरी कुणाकडून तरी वाचून घ्यावी. तिचा मथितार्थ असा की डिझाइन म्हणजे फक्त आकार, ठेवण, नक्षी, रेषा-रंगांची मांडणी, तयार वस्तूत जे डोळ्यांना भावतं आणि ज्याचा निवाडा केवळ डोळ्यांनीच होतो ते. आणि पुढे त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की बांधणीची पद्धत किंवा तत्त्व यात येत नाही, आणि जे मुळात केवळ यांत्रिक साधन आहे तेही येत नाही. केवळ यांत्रिक साधन! म्हणजे मामांनी आयुष्यभर जे केलं नेमकं तेच त्या व्याख्येने दाराबाहेर ठेवलंय. हे लपवलेलंही नाही. डिझाइनच्या अर्जाला वस्तूच्या सगळ्या बाजूंची चित्रं जोडतात ना, त्या पानांवर खाली साधारण असं छापलेलं असतं की यंत्रणेच्या यांत्रिक वा इतर कुठल्याही क्रियेवर किंवा वस्तूच्या बांधणीच्या पद्धतीवर या रजिस्ट्रेशनने काहीही हक्क सांगितलेला नाही. मामांच्या कागदांतही ते होतं. मी बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हणून डिझाइनच्या भांडणात कोर्ट दोन वस्तू शेजारी ठेवून बघतं, दिसायला सारख्या आहेत का. आत काय फिरतं ते बघत नाही. पेटंटच्या भांडणात उलट, तिथे क्लेम नावाचं एक लांबलचक वाक्य असतं, त्यातला एकेक भाग समोरच्याच्या वस्तूत आहे का ते तपासतात, मग तिचा रंग हिरवा असो की ती गोल असो की चौकोनी. मामांच्या क्लेममध्ये समजा असतं की "वाटीच्या आत टेकणारं पातं, बाहेर टेकणारा रोलर, दोघांना जोडणारे स्प्रिंगने दाबलेले दोन हात, आणि त्यांच्यातलं किमान अंतर ठरवणारा स्टॉप", तर तो चौकोनी स्टँडवाला अलगद त्यात सापडला असता. लाल रंग आणि हंसाची मान क्लेममध्ये कुणी लिहीतही नाही.

मी लोकांना एक चाचणी सांगतो, ती माझी स्वतःची आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. तुमच्या वस्तूत नवीन काय आहे ते मला फोनवर सांगा, फोटो न पाठवता. फोनवर नुसत्या शब्दांत सांगून मला समजलं की यात नवं काय, तर ते पेटंटकडे जाणारं आहे. "नाही हो, ते बघायलाच पाहिजे" असं तुम्ही म्हणालात तर ते डिझाइन. शंका राहिली तर अजून एक, बाहेरचा आकार पूर्ण बदलून टाका मनातल्या मनात, काम तरीही तसंच होतंय का? होत असेल तर जे उरलं तीच तुमची शोधाची जागा आणि ती डिझाइनमध्ये कधीच बसणार नाही.

आणि जिथे आकार कामामुळेच ठरतो तिथे तर डिझाइनवाला रस्ता आणखीच कच्चा. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, 1971 साली वॉशिंग मशीनच्या आतल्या विजेच्या छोट्या टर्मिनलवरचं डिझाइन असंच नाकारलं होतं, कारण त्याचा आकार निव्वळ कामाने ठरलेला, डोळ्यांना भावायचा प्रश्नच नव्हता. आपल्या सोऱ्यातली शेवेची चकती घ्या, भोकं गोल का तर शेव गोल पडायला पाहिजे म्हणून, तिथे कसलं डिझाइन रजिस्टर करणार.

आता उलटी चूकही लोक करतात, ती लवकर सांगतो. चालतंय म्हणजे पेटंट मिळणारच असं नाही. मिर्झापूरच्या भांडी कारखान्याचं एक प्रकरण आहे, भांडं लेथवर पक्कं धरून ठेवायच्या साधनावर 1951 साली पेटंट घेतलेलं, आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते टिकवलं नाही, म्हणाले ही वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा आहे, यात शोध म्हणावा असं पाऊल नाही. पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्येही आहेच की माहीत असलेली, आपापलं काम आपापल्या परीने करणारी साधनं नुसती शेजारी शेजारी बसवली तर तो शोध धरत नाहीत. मिक्सरला टॉर्च लावला तर दोन्ही चालतात, पण ते एकमेकांमुळे काही वेगळं करत नाहीत. मामांच्या चिमट्यात रोलर पात्याला थांबवतो, एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून तिथे बोलायला जागा होती.

होती म्हणतो कारण उरली नाही, आणि खरी हळहळ याचीच. मामा म्हणाले, ठीक, मग आता पेटंट टाकू. पण दोन वर्षं माल उघड विकलेला, आणि डिझाइन रजिस्टर झालं की ते प्रसिद्धही होतं, चित्रं कुणीही बघावीत. पेटंटला नवेपणा लागतो, आणि आपल्याकडे स्वतःच स्वतःची वस्तू आधी विकली असेल तरी नवेपणा गेला तो गेलाच. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यानंतरही एक वर्षाची सवलत मिळते, आपले लोक तिकडचे व्हिडिओ बघून ते इथे धरून चालतात आणि फसतात. इथे सवलत आहे ती ठराविक गोष्टींना, जसं केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, तेही 12 महिन्यांच्या आत अर्ज केला तर. म्हणजे चुकीच्या कागदाने नुसतं संरक्षण दिलं नाही एवढंच नाही, बरोबर कागदाची वाटही बंद करून टाकली.

आपल्याकडे जर्मनी किंवा चीनसारखं युटिलिटी मॉडेल नाही, म्हणजे लहान यांत्रिक सुधारणांसाठीचं छोटं पेटंट. जर्मनीत ते 1891 पासून आहे. मला मनापासून वाटतं की आपल्याकडे ते यायला पाहिजे, कारण मकरपुऱ्यातल्या शेडमध्ये बसून जी माणसं जिग, फिक्स्चर, क्लॅम्प अशी काम पक्कं धरायची साधनं सुधारतात त्यांच्या कामाला आज नीट घरच नाही, आणि ते नाही म्हणूनच सल्लागार त्यांना डिझाइनच्या घरात नेऊन बसवतात. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ते अशा हातांसाठीच. आणि त्याच पिढीतले आपले शंकर आबाजी भिसे, टाइप ढाळण्याच्या यंत्रासाठी गाजले, त्यांच्या नावावर यंत्रांची जी पेटंटं आहेत ती यंत्र कसं चालतं याची. बाहेरून सुबक दिसावं म्हणून कुणी टाइप ढाळायचं यंत्र बनवत नाही.

माझं मत विचाराल तर स्वयंपाकघरातल्या वस्तूला दोन्ही करा, पण क्रमाने. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, तोही कुणा दुकानदाराला दाखवायच्या आधी, त्याने तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्ज द्यायला 12 महिने मिळतात. मग बॉडीचा आकार ठरला की डिझाइन, आणि तेही विक्रीच्या आधीच, कारण डिझाइनलाही नवेपणा लागतोच. पेटंटच्या तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, 2024 च्या नियमांपासून तिची मुदत 48 महिन्यांवरून 31 वर आलीय, ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आणि कृपा करून ड्रॉइंग साध्या रेषांचं काढा, प्रत्येक भागाला नंबर द्या. मी पेटंटची ड्रॉइंगं करतो म्हणून सांगतो, ते चकचकीत संगणकी चित्र डिझाइनला शोभतं, पेटंटमध्ये स्प्रिंग कुठे टेकते ते दिसलं पाहिजे आणि चकाकीत तेच दिसत नाही.

दुसऱ्याच्या मालावर "पेटंटेड" छापलंय म्हणून घाबरायच्या आधी नंबर बघा. आपल्याकडचा डिझाइनचा नंबर हल्ली शेवटी डॅश आणि 001 असा येतो, अमेरिकेच्या डिझाइन पेटंटच्या नंबराआधी डी असतो. डिझाइन असलेल्या मालावर "रजिस्टर्ड" लिहायचं असतं, "पेटंटेड" नाही, पेटंट नसताना तसं छापणं हा पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली दंडाचा मामला आहे. मामांच्या खवणीच्या खोक्यावरही "पेटंटेड" छापलेलं होतं, सल्लागारानेच सांगितलेलं. चारशे खोकी शिल्लक होती, त्या रविवारी मी, मामा आणि मामी बसून सगळ्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. चिमट्यात आता पात्याऐवजी दुसरंच काही बसवून ते एक नवीन साधन करतायत, कशासाठी ते मी इथे लिहीत नाही, कारण त्याचा प्रोव्हिजनल अजून जायचाय.