सुरकुतलेले पॅशन फ्रूट परत आणण्यापूर्वी

आमच्या दुकानातून पॅशन फ्रूट नेणाऱ्या बहुतेक ग्राहकांना हे फळ आता नवीन राहिलेले नाही. त्याचा वेल परसातल्या कृष्णकमळाचा सख्खा नातलग आहे, हे त्याचे फूल एकदा पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही, आणि आमचे कानडी ग्राहक तर ते सरळ 'शरबत हण्णु' म्हणूनच मागतात. म्हणून फळ कसे कापावे, चमच्याने खावे की गाळून प्यावे, बिया चालतात की नाही (चालतात), यावर या पत्रकात फार वेळ घालवलेला नाही. हे पत्रक छापण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही हंगामांत आमच्याकडे आलेल्या तक्रारी पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्या दोन वाक्यांत मावतात: "फळ फार आंबट निघाले" आणि "फळ दोन दिवसांत सुरकुतले, बदलून द्या". ऐकायला या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या, तरी दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे, आणि ती फळ निवडतानाच होते.

ती चूक म्हणजे फळाची साल पाहून फळ ठरवणे. बाजारात वांगे घेताना आपण गुळगुळीत, ताणलेल्या सालीचे आणि चकचकीत घेतो, ढोबळी मिरची घेतानाही तेच करतो, आणि तेथे ते बरोबरच आहे. तोच हात पॅशन फ्रूटच्या क्रेटमध्येही सवयीने चकचकीत फळाकडे जातो. या फळात मात्र सालीची चकाकी एवढेच सांगते की फळाला वेलावरून उतरून फार दिवस झालेले नाहीत. आतला गर खाण्याजोगा झाला आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. असे फळ त्याच संध्याकाळी कापले, तर ते आंबट लागणारच. आणि तेच फळ चार दिवस टोपलीत राहून खऱ्या अर्थाने तयार झाले, की त्याला सुरकुत्या पडलेल्या पाहून ते खराब झाले असे समजून ग्राहक ते परत घेऊन येतात. म्हणजे कच्चे असताना कापले जाते आणि पिकल्यावर परत येते.

कोकणचा हापूस खाणाऱ्या बेळगावकरांना खरे तर ही गोष्ट परकी नसावी. देठाजवळ जरासा सुरकुतलेला हापूस पेटीतून सर्वांत आधी उचलला जातो, कारण तो गोड निघणार हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. पॅशन फ्रूटचेही तसेच आहे, फक्त येथे सुरकुत्या जास्त पडतात आणि फळ दिसायला अधिक म्हातारे होते.

सुरकुत्या का पडतात, हेही सांगून ठेवतो. फळ वेलापासून सुटले की त्याला मिळणारे पाणी बंद होते. त्यानंतर सालीतले पाणी हवेत उडत जाते, साल आक्रसते आणि तिला घड्या पडतात. आतला गर मात्र प्रत्येक बीभोवतीच्या स्वतंत्र पिशवीत असतो, आणि या पिशव्या पुढचे कित्येक दिवस रसाने भरलेल्या राहतात. याच दिवसांत रसातला आंबटपणा हळूहळू उतरतो. साखर फारशी वाढत नाही, पण आम्ल कमी झाल्यामुळे तोच रस जिभेला गोड लागू लागतो आणि वासही खुलतो. जांबोटीच्या बाजूच्या आमच्या बागेत काम करणाऱ्या बायका दुपारी भाकरी झाल्यावर वेलाखालून एखादे फळ उचलतात, तेव्हा त्या चकचकीत फळाला कधीच हात लावत नाहीत. आदल्या आठवड्यात गळून पालापाचोळ्यात राहून गेलेले, पार चुरगळलेल्या कातड्यासारखे दिसणारे फळ त्या शोधून काढतात, दोन अंगठ्यांनी उघडतात आणि तेथेच ओरपतात. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः अशी फळे खड्ड्यात खतासाठी टाकत होतो, हेही कबूल केले पाहिजे. ती फेकू नयेत हे आम्हाला या बायकांनी शिकवले.

मग फळ निवडावे कशावरून? डोळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. सारख्या आकाराची दोन फळे दोन तळहातांवर घ्यावीत आणि जे जड लागेल ते ठेवावे. हे साधे वाटते, पण यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॅशन फ्रूटमधली रसाची प्रत्येक पिशवी एका बीभोवती तयार होते, आणि फुलात जितक्या बीजांडांना पराग मिळाला तितक्याच बिया धरतात. पराग कमी पोहोचला, तर साल नेहमीसारखी वाढते पण आत अर्धी पोकळी राहते. जांभळ्या जातीचे फूल पहाटे उघडून दुपारपूर्वी मिटते, तर पिवळ्या जातीचे फूल दुपारी उघडते. दोन्हींकडे यायला मोठा काळा भुंगा लागतो, कारण या फुलात पुंकेसर (पराग देणारा भाग) आणि कुक्षी (पराग घेणारा भाग) इतक्या उंचावर असतात की लहान मधमाशी बहुधा त्यांच्या खालूनच मध घेऊन निघून जाते. त्यातच पराग भिजला की फुटून निकामी होतो. आता जांबोटी-कणकुंबीकडचा आषाढातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. त्या पावसात धरलेली फळे साधारण दोन ते अडीच महिन्यांनी तयार होतात, आणि म्हणून गणपतीच्या सुमारास व त्यानंतर काही दिवस आमच्या मालात हलकी, आतून पोकळ फळे अधिक निघतात. ती आम्ही हाताने निवडून बाजूला काढतो. तरीही एखादे सुटते. हलके फळ गुळगुळीत असो की सुरकुतलेले, ते घेऊ नये, आणि आमच्या क्रेटमध्ये सापडले तर आमच्या हातात द्यावे.

सुरकुतलेले फळ थोडे वजन गमावतेच, मग जड कसे लागेल, असा प्रश्न काही चौकस ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरकुतलेल्या फळाची तुलना सुरकुतलेल्याशीच करावी आणि गुळगुळीत फळाची गुळगुळीताशी. सुरकुतलेले फळ कानाजवळ नेऊन हलवले असता आत गर हलल्याचे जाणवते. नारळ हलवून घेणाऱ्यांना हा आवाज ओळखता येईल. देठाच्या जागी नाक लावले की गोडसर वास आला पाहिजे. आंबूस किंवा दारूसारखा वास आला, तर ते फळ आंबायला लागलेले आहे.

कृपया फळ अंगठ्याने दाबून पाहू नये. पेरूला ते चालते, येथे चालत नाही. दाबलेल्या जागी आतली पांढरी साल चेचते, दोन दिवसांनी तेथे ओला तपकिरी डाग पडतो, आणि ते फळ आपल्यानंतर येणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला जाते. एका रविवारच्या गर्दीनंतर आम्ही मोजून पाहिले, तेव्हा वरच्या थरातल्या बहुतेक फळांवर अंगठ्याचे ठसे होते.

आमच्या दुकानातील तीन क्रेटविषयी

दुकानात पॅशन फ्रूटचे तीन क्रेट ठेवलेले असतात आणि त्यांवर 'आज', 'तीन-चार दिवसांनी' व 'आठवड्याने' अशा पाट्या आहेत. पाट्या मराठीत आणि कानडीत दोन्ही लिहिल्या आहेत, तरी त्यांच्याकडे पाहिले जात नाही. 'आज'च्या क्रेटमधली फळे दिसायला सर्वांत वाईट असल्यामुळे ग्राहक ती ओलांडून 'आठवड्याने'च्या क्रेटमधली चकचकीत फळे निवडतात, आणि निवडताना नको असलेली शेजारच्या क्रेटमध्ये टाकतात. दिवस संपता संपता तिन्ही क्रेट एकमेकांत मिसळलेले असतात आणि रात्री दोन माणसे बसून ते पुन्हा वेगळे करतात. आमचा सर्वांत जास्त वेळ खाणारे काम हेच आहे. आपण फक्त फळ कधी वापरणार आहात तेवढे सांगावे. आज संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर एक, आणि पुण्याला मुलीकडे न्यायचे असेल तर दुसरा, असा क्रेट आम्हीच काढून देऊ.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, तो असा की जुना माल खपवण्यासाठी आम्ही सुरकुत्यांचे कौतुक करतो. त्याचे उत्तर तराजूत आहे. आम्ही तिन्ही क्रेटचा भाव किलोला एकच ठेवला आहे. गुळगुळीत फळे किलोत 12 बसत असतील, तर सुरकुतलेली 14 बसतात, कारण कमी झालेले वजन मुख्यतः सालीतल्या पाण्याचे असते आणि साल आपण टाकूनच देता. म्हणजे त्याच पैशात आपल्याला गर जास्त मिळतो आणि नुकसान झालेच तर ते आमचे होते. चकचकीत माल पहिल्याच दिवशी विकून मोकळे होणे आम्हाला अधिक परवडले असते.

आमच्या वेलांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण जात वेगळी असेल तर वरचे नियमही थोडे बदलतात. हे फळ मूळचे दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातले आहे. आमच्याकडे मुख्यतः 'कावेरी' ही जांभळी संकरित जात आहे, जी कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळी येथील केंद्रीय बागायती प्रयोग केंद्रात जांभळ्या आणि पिवळ्या जातींच्या संकरातून तयार झाली. तिचे फळ जुन्या जांभळ्या जातीपेक्षा मोठे असते. काही वेल पिवळ्या जातीचेही आहेत. पिवळ्या फळाची साल जाड असल्यामुळे त्याला सुरकुत्या उशिरा आणि कमी पडतात, म्हणून तेथे सुरकुत्यांची वाट न पाहता हिरवटपणा जाऊन फळ पूर्ण पिवळे झाले की ते तयार समजावे. ते जांभळ्यापेक्षा आंबट असते आणि तसेच राहते. चमच्याने खाण्यासाठी जांभळे न्यावे, शरबतासाठी पिवळे न्यावे. पिवळे नेऊन आंबट लागल्याची तक्रार कृपया करू नये.

पूर्ण हिरवे फळ मात्र आम्ही विकत नाही, आणि कोणाच्या अंगणातल्या वेलावरून वाऱ्याने पडलेले मिळाले तर तेही खाऊ नये. कोवळ्या हिरव्या फळात सायनाइड तयार करू शकणारे घटक असतात, जे फळ पिकताना कमी होतात. शिवाय कोवळे तोडलेले फळ घरात ठेवून रंगाने पिकल्यासारखे दिसले, तरी त्याला वेलावर भरलेल्या फळाची चव येत नाही. आम्ही फळे तोडत नाही, पूर्ण रंग येऊन गळालेली फळे रोज सकाळी वेचतो. थोडीशी माती लागलेली दिसते ती त्यामुळेच.

खराब फळ कसे ओळखावे, हे थोडक्यात सांगतो. देठाशी पांढरी किंवा करडी बुरशी, बोट लावताच ओले लागणारा तपकिरी डाग, सालीतून झिरपणारा रस आणि आंबूस वास, यांपैकी काहीही दिसले तर फळ खराब आहे. सालीवरचे कोरडे, खरखरीत चट्टे वाऱ्यात फळे फांदीला घासल्याचे असतात. लहान कडक गाठ दिसली तर ती बहुधा फळमाशीने कोवळ्या फळाला डंख केल्याची खूण असते आणि त्याखालचा गर चांगला असतो. या दोन खुणांचा चवीशी संबंध नाही.

घरी नेल्यावर गुळगुळीत फळे लगेच फ्रीजमध्ये ठेवू नयेत. थंडीत पिकणे मंदावते आणि फळ तसेच आंबट राहते. ती उघड्या टोपलीत किंवा बुट्टीत, उन्हापासून दूर, एका थरात ठेवावीत. घाई असेल तर शेजारी पिकलेली केळी ठेवावीत. सुरकुत्या चांगल्या पडल्या की मग फ्रीजमध्ये ठेवावीत, म्हणजे आणखी आठवडाभर टिकतात. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या फळांना बुरशी येते आणि अशा पिशवीसकट परत आलेल्या फळांचे आम्हाला काहीच करता येत नाही. एकदम बरीच फळे पिकली तर गर काढून, त्यात थोडी साखर मिसळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. उन्हाळ्यात त्यातले दोन तुकडे, थंड पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर काळे मीठ एवढ्यावर शरबत होते. गर मिक्सरमध्ये फार वेळ फिरवू नये, बिया वाटल्या गेल्या की रसात काळे कण येतात आणि चव कडवट होते. थोडे पाणी घालून चमच्याने ढवळावे आणि गाळणीतून चेपून घ्यावे.

बदलून देण्याबाबत आमचा नियम असा आहे. पोकळ, बुरशी आलेले किंवा आंबलेले फळ आम्ही चार दिवसांच्या आत काहीही न विचारता बदलून देतो, मात्र कापलेले अर्धे फळ किंवा त्याचा फोटो दाखवावा. केवळ सुरकुतले म्हणून फळ बदलून मिळणार नाही. त्याऐवजी आपण आणलेल्या पिशवीतले कोणतेही एक फळ आम्ही आपल्यासमोर कापू. गेल्या मार्चमध्ये शहापूरच्या एका गृहस्थांनी दोन किलो फळे अशीच परत आणली होती. त्यांच्याच पिशवीतली तीन फळे कापून त्यांच्या हातात दिली, तेव्हा उरलेली पिशवी त्यांनी परत नेली आणि जाताना 'आज'च्या क्रेटमधली आणखी एक किलो घेतली.

आमच्या भागात माल दोन बहरांत येतो, ऑगस्ट ते डिसेंबर आणि मार्च ते मे. रोज वेचलेला माल सकाळी 10 पर्यंत दुकानात पोहोचतो. पाच किलोंपेक्षा अधिक हवा असल्यास आणि विशेषतः चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचा असल्यास आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे प्रवासाचे दिवस धरून फळे निवडून ठेवता येतील. बुट्टीची अनामत बुट्टी परत केल्यावर मिळते.