लॅक्रॉसपटू, त्याची जाळी आणि सहा मिलिसेकंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं तिथे ठरलं आणि आपल्या वाहिन्यांना दुसरं काही दिसेनासं झालं. त्याच ठरावात बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, स्क्वॉश आणि लॅक्रॉस हेही होते. यातल्या लॅक्रॉसची बोळवण मी वाचलेल्या बातम्यांत ‘जाळीवाल्या काठीने खेळायची हॉकी’ एवढ्यावर झाली होती. ते काही खरं नाही. हॉकीत काठी चेंडूला मारते. लॅक्रॉसमध्ये काठी चेंडू झेलते, घेऊन पळते आणि फेकते. मारणं आणि फेकणं यांचं भौतिकशास्त्र पार वेगळं, आणि लॅक्रॉसपटूची अख्खी कारकीर्द या फरकावर उभी असते.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ. त्यांतल्या हॉडेनोशॉनी लोकांसाठी तो आजही पवित्र आहे आणि जागतिक स्पर्धेत ते स्वतःच्या राष्ट्राचा संघ उतरवतात. व्यावसायिक लॅक्रॉस दोन प्रकारचं. मोकळ्या मैदानावरचं, एका बाजूला दहा जण, गोल १.८३ मीटर उंच आणि तेवढाच रुंद. दुसरं बंदिस्त ‘बॉक्स’ लॅक्रॉस, आइस हॉकीच्या रिंगणात खेळलं जाणारं, त्यात गोल बराच लहान. चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका.

आता आकडे बघा. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, त्याची चर्चा अजून चालते. अमेरिकेचा लॅक्रॉसपटू पॉल रॅबिल याने वेगवान फटक्यांच्या स्पर्धेत ताशी १११ मैल, म्हणजे सुमारे १७८ किलोमीटर वेग नोंदवला होता. पुढे इतरांनी तोही मागे टाकला. स्पर्धेत समोर बचावपटू नसतो, धावत यायला मोकळीक असते, हे खरं. तरीही हा वेग नुसत्या दंडातून येत नाही.

त्यातला पहिला भाग आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. पाय जमिनीला रेटतात, कंबर फिरते, मग धड, मग खांदे, मग हात. प्रत्येक अवयव आपला वेग पुढच्याला देतो आणि स्वतः मंदावतो. दुसरा भाग काठीचा. वरचा हात पुढे ढकलतो, त्याच क्षणी खालचा हात मागे ओढतो, आणि या दोन उलट्या बलांमुळे काठी गरकन फिरते. टोकाचा वेग म्हणजे कोनीय वेग (काठी किती भरभर फिरते) गुणिले त्रिज्या (हातापासूनचं अंतर). मग काठी जितकी लांब तितकं बरं, असं वाटेल. पण लांबी वाढली की काठीचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, लांबीच्याही वरच्या पटीत वाढतं आणि तिला वेग द्यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा तुमच्या हातावर काठी हाणून चेंडू पाडतो. म्हणून गोल करणाऱ्यांच्या काठ्या मीटरभराच्या आणि काही बचावपटूंच्या १.८ मीटरपर्यंत. ऑलिंपिकच्या सहा-सहा जणांच्या प्रकारात या लांब काठ्या नाहीतच.

आता माझा आवडता भाग.

शेतात पाखरं हाकायला गोफण वापरतात, ती आठवा. गोफणीत दगड सुटतो, कारण आपण एक दोरी सोडतो. लॅक्रॉसच्या काठीत सोडायला काहीच नाही. चेंडू जाळीच्या खोलगट खिशात नुसता बसलेला असतो, वरून उघडा. मग तो सुटतो कसा? आणि नेमका कधी?

‘अपकेंद्री बल त्याला बाहेर फेकतं’ हे शाळकरी उत्तर इथे उपयोगाचं नाही. मैदानाबाहेर उभ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने बाहेर ढकलणारं बल कुठेच नसतं. जाळी चेंडूला मागून रेटत असते, पण रेटण्याची दिशा क्षणाक्षणाला बदलते. चेंडूला ज्या दिशेने वेग मिळाला त्याच दिशेने सरळ जायचं असतं. काठी वळते, तो वळायला तयार नसतो, म्हणून जाळीवरून घरंगळत टोकाकडे सरकतो. त्याला वर्तुळात ठेवायला लागणारं अभिकेंद्री बल पुरवणारं तिथे कोणी नाही. खिशाची खोली आणि घर्षण थोडा अडथळा करतात, इतकंच.

या सरकण्याने चेंडूला दोन फायदे होतात. एक, टोकाकडे जाताना त्रिज्या वाढते, म्हणून आडवा वेग वाढतो. दोन, काठीच्या लांबीच्या दिशेनेही त्याने वेग कमावलेला असतो. सोपं गणित करू: घर्षण शून्य, जाळी सपाट, काठी एकाच वेगाने फिरते, सेकंदाला ३० रेडियन (म्हणजे जवळजवळ पाच फेऱ्या), आणि ती खालच्या हाताभोवती फिरते. (गणित नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, रागावणार नाही.) चेंडू सुरुवातीला हातापासून ०.८५ मीटरवर, टोक १ मीटरवर. चेंडू खिशातूनच थेट सुटला असता तर वेग ०.८५ गुणिले ३०, म्हणजे सेकंदाला २५.५ मीटर, ताशी ९२ किलोमीटर. टोकापर्यंत सरकून सुटला तर आडवा वेग ३० मीटर. काठीच्या दिशेचा वेग काढायला दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांतल्या फरकाचं वर्गमूळ घेऊन कोनीय वेगाने गुणायचं. तो येतो सुमारे १५.८. दोन्ही एकमेकांना काटकोनात, म्हणून पायथागोरस लावा: सेकंदाला ३३.९ मीटर, ताशी १२२ किलोमीटर. काठी त्याच वेगाने फिरवून, फक्त सरकण्यामुळे, ९२ चे १२२! फुकट नाही अर्थात. जाळीने चेंडूला जास्त वेळ रेटलं, ते काम हातांनीच केलं. रॅबिलच्या १७८ पर्यंतचा उरलेला वेग धावण्याचा आणि धडाच्या फिरण्याचा. हे सगळं सरकणं उरकायला काठी जेमतेम ३४ अंश फिरते. वेळ, सेकंदाचा पन्नासावा भाग.

उडी मारून आलेल्यांसाठी एवढंच: चेंडू जाळीत जितका जास्त सरकतो तितका तो वेगात आणि उशिरा सुटतो. डोक्यावरून फेकलेल्या फटक्यात उशिरा सुटणं म्हणजे चेंडू खाली जाणं, कारण तोवर काठीचं टोक जमिनीकडे झुकलेलं असतं. जाळीच्या टोकाशी दोन-तीन आडव्या नाड्या ओवलेल्या असतात, त्यांना शूटिंग स्ट्रिंग्ज म्हणतात. त्या घट्ट केल्या, सैल केल्या, एक वाढवली, की सुटण्याचा क्षण बदलतो. जाळीने चेंडू जास्त वेळ धरला की खेळाडू म्हणतात, ‘व्हिप जास्त आहे’.

किती बदलला तर चालतो? दहा मीटरवरून १.८३ मीटर उंचीचा गोल सुमारे १०.५ अंशांचा कोन करतो. काठी सेकंदाला ३० रेडियन, म्हणजे १७०० अंशांहून जास्त फिरते. भागाकार करा: सुमारे ६ मिलिसेकंद. चेंडू या सहा मिलिसेकंदांत सुटला नाही तर तो गोलच्या वरून जाईल किंवा वाटेत जमिनीवर आपटेल. आणि गोलमध्ये गोलरक्षकही उभा असतो, त्यामुळे खरी मोकळी जागा याच्याही एका तुकड्याएवढी.

आपली मज्जासंस्था इतकी चपळ नाही. डोळ्याने पाहून हात हलवायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. सहा मिलिसेकंदांत चूक ओळखून दुरुस्त करणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे काठी फिरायला लागली की निर्णय घेऊन झालेला असतो, आणि सुटण्याचा क्षण खेळाडू ठरवतच नाही. तो जाळी ठरवते. खेळाडूने आधी हजारो वेळा फेकून आपली जाळी कधी सोडते हे अंगात मुरवून घेतलेलं असतं. रॅबिल मुलगा असताना रोज शंभर फटके मारायचा, त्याचा अर्थ इथे लागतो. स्नायू बळकट करणं हा त्यातला दुय्यम भाग. लहान मेंदू दर फेकीनंतर ‘ठरवलं ते’ आणि ‘झालं ते’ यातला फरक बघून पुढचा आदेश किंचित सुधारतो. त्याला उदाहरणं लागतात, ढिगाने.

म्हणूनच बरेच व्यावसायिक खेळाडू आपली जाळी स्वतः ओवतात. पाऊस पडला की नायलॉनची जाळी भिजून सैलावते, खिसा खोल होतो, चेंडू उशिरा सुटतो, आणि चांगला नेमबाज अचानक गवतात चेंडू आपटायला लागतो. हल्ली मेणाचा थर दिलेली जाळी मिळते, ती पाणी कमी धरते. खिसा हवा तितका खोल करण्याचीही सोय नाही. पंच काठी आडवी धरून चेंडू आत ठेवतात. चेंडूचा वरचा भाग जाळी ओवलेल्या चौकटीच्या खालच्या कडेच्याही खाली गेला तर काठी बाद.

इतकं साधं, हाताने तपासता येणारं कारण समोर असताना खेळाडू मनगटात काय काय घालतात! २०१० च्या सुमारास होलोग्राम चिकटवलेल्या रबरी कड्यांचं खूळ जगभर होतं; ‘शरीराच्या ऊर्जेशी जुळून तोल सुधारतो’ म्हणे. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक-यंत्रणेने जाब विचारल्यावर विकणाऱ्या कंपनीला या दाव्याला विश्वासार्ह शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीरपणे मान्य करावं लागलं. आपल्याकडे हेच काम ग्रहांच्या अंगठ्या करतात, आणि त्यांना कोणी जाब विचारत नाही. कडं राहू द्या, नाड्या बघा.

फटक्याच्या दुसऱ्या टोकाला गोलरक्षक. दहा मीटरवरून सेकंदाला ४५ मीटरने आलेला चेंडू ०.२२ सेकंदात पोहोचतो. चेंडू पाहून हलायचं म्हटलं तर वेळ संपलेली. म्हणून तो चेंडू सुटण्याआधीच नेमबाजाची कंबर आणि हात वाचतो. अंगावर चेंडू घेणं हा त्याच्या कामाचाच भाग आणि त्यात एक खरा धोका आहे: कोमोशिओ कॉर्डिस. हृदयाच्या ठोक्यातल्या मोजक्या मिलिसेकंदांच्या नाजूक अवस्थेत छातीवर नेमका हृदयासमोर मार बसला, तर निरोगी तरुणाचंही हृदय थरथरून बंद पडू शकतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासचे चेंडू यासाठी सर्वांत घातक ठरले, म्हणजे शाळकरी मुलंही फेकतील असे. म्हणून अमेरिकेतल्या शालेय आणि महाविद्यालयीन पुरुष लॅक्रॉसमध्ये खास चाचणी केलेलं छातीचं कवच २०२१ पासून गोलरक्षकांना आणि २०२२ पासून सगळ्यांना सक्तीचं झालं. मैदानाशेजारी हृदयाला झटका देणारं यंत्र असणं तितकंच गरजेचं.

एवढं सगळं करून पोट भरतं का? फार काळ भरत नव्हतं. रॅबिल जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून दोनदा राष्ट्रीय विजेता ठरला आणि २००८ मध्ये खेळाडू-निवडीत अगदी पहिला उचलला गेला, बॉस्टनच्या संघात. पण त्या काळच्या मैदानी लीगमध्ये बहुतेकांचा आठवडा नोकरीत जायचा आणि सामने शनिवार-रविवारी. रॅबिलची बरीचशी कमाई जाहिरातींच्या करारांतून आली. २०११ मध्ये बॉस्टनकडून, २०१५ मध्ये न्यूयॉर्ककडून जेतेपद मिळवल्यावर त्याने भावासोबत स्वतःचीच लीग काढली. २०१९ मध्ये ती सुरू झाली, २०२० च्या अखेरीला जुनी लीग तिच्यात विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी, ३५ व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

बॉक्स लॅक्रॉसमध्ये माणसं जास्त टिकतात. कॅनडाचा जॉन टवारेस बॉक्सच्या व्यावसायिक लीगमध्ये १९९२ पासून २०१५ पर्यंत बफेलोच्या एकाच संघाकडून खेळला आणि ८१५ गोल करून पंचेचाळिशी ओलांडल्यावर थांबला. तिथे अंतर कमी, गोल छोटा, गोलरक्षक गाद्यांनी फुगलेला. ताशी १७८ किलोमीटरपेक्षा हूल देणं जास्त कामाचं, आणि हूल द्यायला विशीतले स्नायू लागत नाहीत. या काळात तो ओंटारिओतल्या एका शाळेत गणित शिकवत होता. नंतर तो बफेलोचाच प्रशिक्षक झाला आणि २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं त्याच्या संघाने लीग जिंकली.