क्लच दाबला की आवाज जातो

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नाही. अशा वेळी आमच्या जीपच्या पोटातून जात्यासारखी घरघर यायची. क्लच दाबला की दोन सेकंदांत शांत. पाय उचलला की पुन्हा जातं सुरू.

जीप सीजे-३बी, साठच्या दशकातली. मूळचं २१९९ सीसीचं पेट्रोल हरिकेन इंजिन काढून तिच्यात प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. हेच इंजिन पुढे महिंद्राच्या जीपमध्येही येत असे. महाराष्ट्रात अशा ‘डिझेल केलेल्या’ जुन्या जीप गावोगावी दिसतात. डिझेल स्वस्त, आणि कमी फेऱ्यांवर ओढ चांगली. इंजिन बदललं, तरी मागचा टी-९० गिअरबॉक्स मात्र बहुतेक ठिकाणी तोच राहतो. मग काही महिन्यांत आवाज सुरू होतो आणि ज्याला विचारावं तो सांगतो, “बॉक्स गेला, खोला.” माझं म्हणणं एवढंच, की खोलण्याआधी ऐकावं, मग मोजावं. इंजिन बदलल्यानंतर आलेल्या आवाजाचं मूळ पुष्कळदा बॉक्सच्या आत नसतं. ते इंजिन आणि बॉक्स जिथे जोडले आहेत, त्या सांध्यात असतं.

ऐकायचं म्हणजे कोणत्या वेळी काय फिरतंय ते डोळ्यांसमोर आणायचं. इंजिनाची ताकद क्लचमधून इनपुट शाफ्टवर येते. त्याच्या टोकाचा गिअर खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो आणि काउंटर शाफ्ट वरच्या मेनशाफ्टवरच्या गिअरना फिरवतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असला, तर गाडी उभी असूनही इनपुट शाफ्ट, त्याचं बॉल बेअरिंग आणि काउंटर शाफ्ट फिरतच असतात. क्लच दाबला की हे सगळं थांबतं. उलट त्याच क्षणी क्लच दाबून धरणारं रिलीज बेअरिंग कामाला लागतं, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, पोटातलं पायलट बुश थांबलेल्या इनपुट शाफ्टच्या टोकाभोवती फिरू लागतं. म्हणून क्लच दाबल्यावर येणारा आवाज या दोघांचा, आणि क्लच दाबल्यावर जाणारा आवाज बॉक्सच्या पुढच्या भागाचा.

पुढची चाचणी टॉप गिअरची. टी-९० मध्ये पहिल्याचं प्रमाण २.७९८, दुसऱ्याचं १.५५१ आणि तिसऱ्याचं सरळ १. टॉपमध्ये इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट एकमेकांत अडकून एकच होतात, काउंटर शाफ्ट नुसता रिकामा फिरतो. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये कण्हणारा आणि टॉपला गप्प होणारा बॉक्स काउंटर शाफ्टकडे बोट दाखवतो. एकाच गिअरला आवाज असेल, तर त्या जोडीचे दाते बघावेत. जीपमध्ये मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बॉक्समागची ट्रान्सफर केस ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवते, आणि तिच्यात मागच्या चाकांकडची वाट कधीच सरळ नसते, ताकद नेहमी मधल्या एका गिअरवरूनच जाते. म्हणून चांगली जीपसुद्धा टॉपमध्ये पूर्ण शांत नसते. तो आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, तर आमची घरघर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलायची आणि टॉपमध्येही थोडी उरायची. संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जाऊन थांबला.

आवाजाची पट्टीही साक्ष देते. समजा शाफ्ट मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. त्यावरच्या गिअरला २० दाते असतील, तर सेकंदाला ५०० वेळा दात दाताला भेटतो. ५०० हर्ट्झची ही ‘कुईं’ कानाला उंच लागते. बॉल बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला खड्डा पडला असेल, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. गोळ्यांची संख्या, शाफ्टचे फेरे आणि साधारण ०.४ यांचा गुणाकार हा त्याचा ढोबळ हिशेब. ९ गोळ्या असतील, तर सेकंदाला ९० ठोके. इतके ठोके कानाला वेगळे कळत नाहीत, ते मिसळतात आणि घरघर होते. कुईं दात्यांची, घरघर बेअरिंगची.

डिझेलच्या बाबतीत एक फसवी शक्यता राहतेच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. डिझेलमध्ये हवा पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाबली जात असल्याने प्रत्येक स्फोटाचा झटका मोठा असतो. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, शाफ्ट सलग न फिरता हिसके खात फिरतो आणि दात्यांमधल्या मोकळ्या फटीत दाते एकमेकांवर आपटतात. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा हे हिसके गिळण्यासाठीच असतात. पण पेट्रोल इंजिनाची प्लेट तशीच ठेवली, तर त्या स्प्रिंगा डिझेलच्या हिसक्यांना पुरत नाहीत. हा खडखडाटही क्लच दाबला की जातो! फरक ओळखायला आयडलिंग थोडं वाढवून बघावं. हिसक्यांचा आवाज विरतो, बेअरिंगचा वाढतो. आमचा वाढला.

मग मोजमाप. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरनी हे काम माझ्या समोर केलं. बॉक्स उतरवला, क्लचवरचं कवच म्हणजे बेल हाउसिंग आणि नवं इंजिन जुन्या बॉक्सला जुळवणारी अडॅप्टर प्लेट जागेवर ठेवली. बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या डायल गेजचा चुंबक क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, बसवला आणि गेजचं टोक, बॉक्सचा पुढचा गळा ज्या गोल भोकात बसतो, त्याच्या आतल्या कडेला टेकवलं. इंजेक्टर काढून क्रँक हाताने एक फेरा फिरवला. काटा एकूण ०.६२ मिलिमीटर हलला. गेज दोन्ही बाजूंचा फरक एकत्र दाखवतो, म्हणून केंद्र प्रत्यक्षात त्याच्या निम्मं, ०.३१ मिलिमीटर सरकलेलं. “बारा थाऊ,” ते म्हणाले, “पाचाच्या वर चालत नाही.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

कारण अडॅप्टर प्लेटमध्येच सापडलं. आधी कुणीतरी बनवलेल्या त्या प्लेटला डॉवेल पिनाच नव्हत्या, ती फक्त बोल्टांवर होती. बोल्ट आवळतो, जागा दाखवत नाही. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १३ चं भोक असेल, तर प्लेट कुठल्याही बाजूला अर्धा मिलिमीटर सरकू शकते. जागा पक्की करतात त्या घट्ट बसणाऱ्या पिना. आता इनपुट शाफ्टचं एक टोक क्रँकमधल्या बुशात, दुसरं बॉक्सच्या बेअरिंगमध्ये, आणि दोघांचे अक्ष वेगळे. प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकतो. मिनिटाला २००० फेऱ्यांना सेकंदाला ३३ वेळा. बुश झिजून पितळी भुकटी होतं आणि बेअरिंगच्या बाहेरच्या, न फिरणाऱ्या कड्याच्या एकाच भागावर सतत भार येतो.

बॉक्स खोलल्यावर नेमकं तेच दिसलं, आणि मला ते फार सुंदर वाटलं. बाहेरच्या कड्यावर पोलाद सोलून निघालं होतं, पण गोलाच्या जेमतेम पाचव्या भागात. बाकीची वाट आरशासारखी. काढण्यापूर्वी बेअरिंगवर खूण केली होती. ती गेजच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तर सोललेला भाग आणि केंद्राचं सरकणं एकाच रेषेत. त्या दिवशी नुसतं नवं बेअरिंग घालून बॉक्स चढवला असता, तर काही महिन्यांत तेच जातं पुन्हा सुरू झालं असतं.

म्हणून आधी प्लेट. बोल्ट हलके आवळून ती हळूहळू ठोकत केंद्रावर आणली, पुन्हा पुन्हा गेज लावत. काटा ०.१० वर आल्यावर बोल्ट पूर्ण आवळले, जागेवरच भोकं पाडून ती नेमक्या मापाची करायला रीमर फिरवला आणि डॉवेल ठोकले. क्रँकच्या मापाचं नवं गनमेटलचं बुश लेथवर केलं.

बॉक्समध्ये पाहण्यासारखं बरंच असतं. तेल काढताना त्यात चुंबक फिरवावा. करडा बारीक लगदा ही नेहमीची झीज. टोचणारे चकचकीत पापुद्रे दिसले, तर बेअरिंग किंवा दाते गेलेले. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक सिन्क्रो रिंगची, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्याची, किंवा बुशची. भाग रॉकेलमध्ये धुवावेत, पण धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने कधीही गरगर फिरवू नये, कोरड्या गोळ्या वाटेवर ओरखडे काढतात. नवं बेअरिंग हातोड्याने ठोकलं, तर गोळ्यांचे ठसे कड्यात उमटतात आणि ते पहिल्या दिवसापासून बोलू लागतं. त्यापेक्षा गरम तेलात ठेवावं. ३५ मिलिमीटरचं भोक तापमान ८० अंशांनी वाढलं की सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. बेअरिंग आपल्या वजनाने शाफ्टवर उतरायला तेवढं बहुधा पुरतं. शाफ्टच्या टोकाचे बारीक रोलर ग्रीसमध्ये चिकटवून, एकेक मोजून बसवले. एक जरी आत पडला, तर सगळी मेहनत वाया.

गिअर बदलायचे तर जोडीने. दात्याच्या बाजूला जी वक्रता असते, तिचा पाया अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने घातला. तिच्यामुळे एक दात दुसऱ्याला फिरवताना वेगाचं प्रमाण क्षणभरही बदलत नाही. वर्षानुवर्षं एकत्र फिरलेली जोडी एकमेकांच्या झिजेशी जुळलेली असते. तिच्यात एकच नवा गिअर आणला की वक्रता जुळत नाही आणि कुईं येते. आमची दुसऱ्या गिअरची जोडी थोडी खडबडीत होती, पण दाते शाबूत होते. नवी जुळलेली जोडी मिळाली नाही, म्हणून तीच ठेवली. तेल जीएल-४ दर्जाचं घातलं. जीएल-५ डिफरन्शिअलसाठी चांगलं, पण सिन्क्रोला जी पकड लागते, ती त्याच्या निसरडेपणात हरवते, शिवाय त्यातलं जास्तीचं गंधक काही तेलांत पितळेला खातं.

जीप चालू केली, क्लच सोडला. न्यूट्रलमध्ये फक्त डिझेलची टकटक राहिली. रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की अजून एक बारीक कुईं येते. ती त्या ठेवलेल्या जोडीची. ५०० किलोमीटरनंतर तेल काढून चुंबक फिरवला, तर त्यावर करडा लगदाच होता.