घरगुती पवनचक्कीचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि कोणत्या टेबलावर काय विचारतात

घरच्या पवनचक्कीचा विचार सुरू झाला की बहुतेक जण आधी यंत्राचं कोटेशन मागवतात आणि मग अर्जाची चौकशी करतात. हा क्रम उलटा करा. परवानगी देणारा माणूस यंत्र नंतर बघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, खांब किती उंच आणि हद्दीपासून किती लांब?

उंचीवर सगळं अडतं याला कारण आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनानुसार वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट. 3 मीटर व्यासाचं चक्र (म्हणजे पात्यांचा फिरणारा भाग) घ्या आणि वाऱ्यातली 25 टक्के शक्ती हाती लागते असं धरा (59.3 टक्क्यांपलीकडे कोणतंच चक्र जाऊ शकत नाही). सेकंदाला 11 मीटर वाऱ्यात ते सुमारे 1400 वॅट देईल, पण 4 मीटरच्या वाऱ्यात जेमतेम 70. जमिनीलगत घरं आणि झाडं वारा अडवतात, वर ढवळूनही टाकतात. म्हणून पात्याचं खालचं टोक 90 मीटरच्या परिसरातल्या कोणत्याही अडथळ्यापेक्षा किमान 9 मीटर वर हवं, असा ढोबळ नियम आहे.

सरकारी नियम मात्र खाली ओढतात. इंग्लंडमध्ये स्वतंत्र खांबावरची पहिली छोटी पवनचक्की ठरावीक अटींत बसली तर नियोजन परवानगीचा वेगळा अर्ज लागत नाही. त्यातल्या काही अटी अशा : एकूण उंची 11.1 मीटरपर्यंत, फिरताना पात्यांनी व्यापलेलं क्षेत्र 3.8 चौरस मीटरपर्यंत आणि पात्यांसकट तिचा कोणताही भाग हद्दीपासून एकूण उंचीच्या 1.1 पट लांब. म्हणजे पूर्ण उंची घ्यायची तर चारही बाजूंना 12 मीटरहून जास्त मोकळी जागा. आकडे देशागणिक बदलतात, हेतू तोच : खांब पडलाच तर तुमच्याच आवारात पडावा.

पात्रतेचा निम्मा निकाल इथेच लागतो. उरलेल्यात पहिली गोष्ट मालकी. जागा तुमच्या नावावर हवी किंवा मालकाची लेखी संमती हवी. सामायिक गच्ची असेल तर सर्व हक्कदारांचं ना हरकत पत्र लागतं, आणि खरं सांगायचं तर तिथे हा बेत सोडलेलाच बरा. चक्राची थरथर भिंतींतून खालच्या मजल्यांपर्यंत उतरते, आणि तक्रारी सुरू झाल्या की मिळालेली परवानगीही टिकवणं अवघड जातं. विमानतळाजवळ किंवा वारसा वास्तूंच्या परिसरात वेगळी मंजुरी लागू शकते. ती आधी विचारा. उच्चदाब वाहिनीखाली किंवा तिच्या लगत खांब उभारायचा विचारही करू नका.

आता कागद. मालकीचा उतारा आणि अलीकडचं वीजबिल कपाटात असतंच, त्यात वेळ जात नाही. अर्ज परत येतो तो बहुधा नकाशामुळे. नकाशा प्रमाणात काढलेला हवा. त्यावर खांब, घर, हद्द, झाडं, रस्ता आणि विजेच्या तारा दाखवून प्रत्येक अंतर आकड्यात लिहा. ‘अंदाजे’ हा शब्द नको. खांब आणि पायाच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. खांबाला आधार देणाऱ्या ताणतारा असतील तर त्यांचे खुंटेही तुमच्याच हद्दीत दाखवा, कारण ते लक्षात येईपर्यंत शेजारच्या जागेत गेलेले असतात.

यंत्रासाठी उत्पादकाकडून आयईसी 61400-2 या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र मागा. 200 चौरस मीटरपर्यंत क्षेत्र व्यापणाऱ्या छोट्या पवनचक्क्यांच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी ते आहे. आवाजाचा चाचणी अहवालही जोडा. तो मागितला नसला तरी जोडा, शेजाऱ्याची हरकत आली की तोच कामी येतो. माहितीपत्रकावरचा ठळक वॅटचा आकडा वाचताना तो किती वाऱ्याला दिला आहे ते बघा. वर्षाला किती युनिट, हे सरासरी वेगासकट लेखी घ्या.

घरातल्या उपकरणांना किती वीज लागते याचा तक्ता करणं कंटाळवाणं आहे, पण तो टाळू नका. प्रत्येक उपकरणाचे वॅट गुणिले तास. वाऱ्याच्या वेगाची वर्षाची सरासरी सेकंदाला 4 मीटर असेल, तर 3.8 चौरस मीटरच्या चक्राकडून दिवसाला दीड-पावणेदोन युनिटची अपेक्षा ठेवा. त्यात छोटा फ्रिज आणि काही दिवे चालतील. पाणी तापवायचा हीटर नाही.

बॅटरीवर स्वतंत्र चालवणार असाल तर वीज कंपनीचं टेबल बहुधा टळतं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडायचं असेल तर मंजूर भार, थकबाकी नसणं, सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा साधा रेषाचित्र आराखडा) आणि इन्व्हर्टरचं (चक्कीची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या उपकरणाचं) प्रमाणपत्र एवढ्यावर प्रकरण येतं. त्यातही इन्व्हर्टरवर सगळ्यांत बारीक नजर असते. बाहेरची वीज गेली की तुमची चक्की ताबडतोब ग्रिडपासून सुटली पाहिजे, नाहीतर ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. ग्रिडजोडणीच्या आयईईई 1547 या अमेरिकी मानकात यासाठी 2 सेकंदांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक फेजला 16 अँपिअरपर्यंतचा वीजनिर्मितीचा एकच संच असेल तर आधी जोडून 28 दिवसांत कळवलं तरी चालतं. त्याहून मोठ्याला आधी मंजुरी लागते. तुमच्याकडे ही सवलत आहे असं गृहीत धरू नका, आधी विचारा. जास्तीच्या युनिटची वजावट मिळणार की वेगळा दर, आणि मीटरचा खर्च कोणाचा, हेही त्याच भेटीत लिहून घ्या.

मंजुरीच्या पत्रावर मुदत असते. पाया घालायला उशीर झाला तर ती संपते आणि नवा अर्ज करावा लागू शकतो. उभारणीनंतर तपासनीस येतो. तो मेन स्विच पाडून यंत्र ग्रिडपासून सुटतं का बघतो, अर्थिंग मोजतो, ब्रेक लावून चक्र थांबवायला सांगतो. त्याची सही होऊन मीटर बसेपर्यंत चक्र ब्रेकवरच ठेवा, वारा कितीही छान सुटलेला असला तरी.