ॲक्युपंक्चरच्या सुया बाळंतपणाच्या वेळी हव्यात? मग डॉक्टरांना आठव्या महिन्यातच सांगा

‘कळा सुरू झाल्यात, लगेच या,’ असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, डॉक्टरांना सांगितलंय का? बहुतेकदा उत्तर येतं, ‘ते नाही म्हणणार नाहीत हो.’

गेल्या पौषात सुया लावणाऱ्या आमच्या ताई रात्री अकराला सुयांची पेटी घेऊन प्रसूतिगृहाच्या दारात पोचल्या. ड्युटीवरच्या डॉक्टरांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आत सोडलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. लेक आत कण्हत होती, आई बाकावर बसून ताईंच्या पेटीकडे बघत होती. तेव्हापासून डॉक्टरांची लेखी संमती असल्याशिवाय आम्ही येत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, पण प्रसूतीची जबाबदारी डॉक्टरांची आहे. पहिलटकरीण माहेरी कोल्हापुरात येते आणि फाईल पुण्यात राहते, तिथे तर ही अडचण हमखास येते. म्हणून ३४व्या आठवड्याच्या आसपास एकदा भेटा.

सुया केसासारख्या बारीक, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या. पाकीट तुमच्यासमोर फोडतो. हात, पाय आणि कमरेत लावून साधारण वीस-तीस मिनिटं ठेवतो. कळा थांबत नाहीत, भूलही पडत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२०च्या कोक्रेन आढाव्यात खोट्या (नुसत्या लावल्यासारख्या केलेल्या) सुयांच्या तुलनेत वेदनेच्या तीव्रतेत फारसा फरक दिसला नाही. मात्र वेदनाशमनाबद्दल समाधान जास्त असू शकतं आणि वेदनाशामक औषधं कमी लागू शकतात, असं त्यात म्हटलंय. एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घ्यायचं ठरलं तर आम्ही कधीच अडवत नाही.

पहिल्या भेटीत नवऱ्याला किंवा आईला दाब द्यायला शिकवतो. माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा मऊ भाग टेकवायचा आणि कळ चढताना अंगाचं वजन हळूहळू टाकायचं. नुसत्या अंगठ्याने दाबलं तर दहा मिनिटांत हात भरून येतो. अंगठा-तर्जनीमधला आणि पायाच्या घोट्यावरचा बिंदू मात्र ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत आम्ही वापरत नाही. व्हिडिओ बघून घरीही दाबू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा वार (प्लासेंटा) खाली असेल, तर आधी सांगा. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर आम्हाला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पहिल्या भेटीचे पैसे पुढच्या बैठकीत वळते करतो. येताना फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि कळांच्या वेळी जवळ राहणारं माणूस सोबत आणा.