सीट बसली म्हणजे फोमच गेला असं नाही

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर गाडी जपणारा कोणीही भेटला की हे वाक्य ठरलेलं: "सीट बसली यार, फोम बदलायला हवा." अहो, आधी सीट काढून उलटी करा. खड्डा वरून दिसतो, पण बिघाड बऱ्याचदा खाली असतो.

फोम कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. उसळी संपते, दाबलेली जागा वर येत नाही, फारच जुना असेल तर पायाखाली पिवळी पूड सांडते. काही जुन्या सीटमध्ये काथ्याची गादी असते, तिचाही असाच भुगा होतो. नवा थर घातला की काम झालं. फक्त दुकानात 40 डेन्सिटीला 'कडक' समजू नका. ते घनमीटरला 40 किलो असं वजनाचं माप आहे, कडकपणा वेगळा विचारावा लागतो. आणि तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम मी बसायच्या जागी कधीच घालणार नाही. पाटावर बसल्यासारखं वाटतं.

खरी गफलत आधाराची आहे. आधार म्हटलं की लोक स्प्रिंगपाशी थांबतात. पण स्प्रिंग आणि गादी यांच्यामध्ये तरटाचा, म्हणजे गोणपाटाचा, एक थर असतो. वरचं वजन सगळ्या स्प्रिंगांवर वाटून देणं आणि तारेला फोममध्ये घुसू न देणं, हे त्याचं काम. मुंबईत तेच सगळ्यात आधी कुजतं. जुलैत भिजलेल्या कपड्यांनी आपण गाडीत बसतो, ओली छत्री शेजारी टाकतो. पाणी शिवणीतून खाली उतरतं आणि तरट ते धरून ठेवतं. तरट फाटलं की एकेक वेटोळं फोममध्ये शिरायला लागतं. वर बसणाऱ्याला वाटतं, फोम बसला.

आमच्या घरच्या पद्मिनीचं हेच झालं. कुशनवाल्याने नवा फोम घातला, पैसे घेतले, आणि एका पावसाळ्यात खड्डा पुन्हा तिथेच. मग बिल्डिंगच्या आवारात सीट उलटी टाकून मी स्वतः उघडली. नव्याकोऱ्या फोमच्या खालच्या बाजूला स्प्रिंगच्या गोल कड्या छापल्यासारख्या उमटल्या होत्या. बोट घातलं तर पहिलं पेर आत गेलं. तरटाच्या नावाने कडेला चार काळे धागे उरले होते.

म्हणून खड्ड्यात तळहात दाबू नका, मूठ दाबा, सावकाश. मऊ लागून मूठ सपाट, घट्ट थरावर थांबली तर फोम गेलाय. दोन इंच सरकवल्यावर एकदा तार लागते आणि एकदा मूठ खोल जाते, तर तरट गेलंय. कडेसकट सगळा भागच खाली येतो, कुरकुरतो, एका बाजूला कलतो, तर स्प्रिंग तुटली किंवा अडकवलेल्या जागेतून सुटली आहे. तरीही शंका असेल तर सीट बाहेर काढा, उभी धरा आणि मागून स्प्रिंगा हाताने पुढे ढकला. वरचा खड्डा भरून आला तर फोमला हात लावू नका.

दुरुस्ती घरी होते. कव्हरच्या तारेच्या कड्या पकडीने कापा, ओढू नका, जुनं रेक्झिन लगेच फाटतं. गंज तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड लावा. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगला नेऊ नका. तापवली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कणखरपणा, उतरतं आणि ती वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटते. कुर्ल्याला किंवा चोरबाजारात भंगारातली सीट शोधून तिची स्प्रिंग काढून लावा. तरट नवं आणि दुहेरी घ्या. आधी चौकटीच्या तारेला ताणून बांधा, मग प्रत्येक स्प्रिंगला दाभणाने शिवा. दोरी नायलॉनची हवी, सुतळी पुन्हा कुजेल. शिवताना घाई नको, एक स्प्रिंग सुटली तर तिथेच खड्डा पडतो.

कव्हर उन्हात ठेवून मऊ करा. तोवर जुना फोम नुसता वर टाकून बसून बघा. आमच्या सीटवर शेवटी तोच राहिला. कुशनवाल्याने काढलेला तो फोम आईने गॅलरीत ठेवला होता.